वैलाची आच: ऑफसेट स्मोकरमध्ये लाकडाचा जाळ एकसारखा कसा राखायचा

आमच्या गुहागरच्या घरात अजून मातीची चूल आहे आणि तिला उजव्या अंगाला वैल आहे. जाळ चुलीत, आमटी वैलावर. वैलाखाली एकही लाकूड नसतं. चुलीतली आच मधल्या भोकातून तिकडे वळते आणि पातेलं संथ रटरटत राहतं. ऑफसेट स्मोकर म्हणजे हाच वैल, लोखंडाचा. एका टोकाला लाकूड जाळायचा फायरबॉक्स, त्याला जोडून आडवं नळकांडं (आम्ही त्याला स्मोकरचं पोट म्हणतो), आणि पोटाच्या पलीकडच्या टोकाला धुराडं. मांस पोटात जाळीवर असतं, त्याच्याखाली विस्तव नसतो. अमेरिकेत टेक्सस आणि ओक्लाहोमाकडे तेलाच्या धंद्यातले जाड पाइप कापून, जोडून असे स्मोकर बनायला लागले. आमचा चिपळूणच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने 6 मिमी जाडीच्या पत्र्यातून करून दिला. पोट 20 इंच व्यासाचं, 40 इंच लांब, आणि फायरबॉक्स त्याच्या साधारण एक तृतीयांश आकाराचा.

तुम्ही करून घेणार असाल तर दोन गोष्टींवर अडून राहा. पत्रा पातळ नको, कारण पातळ पत्रा वाऱ्याच्या एका झुळुकीने गार होतो आणि मग दिवसभर तुम्ही जाळाच्या मागे धावत राहता. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पाइप अजिबात नको. तापल्यावर त्यातून निघणारा जस्ताचा धूर विषारी असतो.

पहिल्या दिवशी मी काय केलं ते आधी सांगते, कारण जवळजवळ प्रत्येक जण तेच करतो. फायरबॉक्समध्ये आंब्याचे चार जाड ओंडके भरले, ते धडधडून पेटले, थर्मामीटरचा काटा 180 अंश सेल्सिअसवर गेला. मी घाबरून हवेचं दार लावलं, धुराडंही अर्धं झाकलं. काटा उतरला. धुराड्यातून पांढरा, कापसासारखा दाट धूर यायला लागला आणि मला वाटलं, हाच तो स्मोकरचा धूर. तीन तासांनी कोंबडी काढली तेव्हा तिच्यावर काळा, चिकट थर होता आणि पहिल्याच घासाला जीभ बधिर झाली. सासूबाई लांबून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, धूर कोंडलास तर तो खाण्यातच जाणार ना? चुलीची आच कमी करायची तर आपण चुलीचं तोंड लिंपतो का? लाकूड मागे ओढतो."

पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. आच ठरते ती आत किती लाकूड जळतंय त्यावर. हवा मोकळी ठेवायची आणि जाळ लहान ठेवायचा.

असं का, ते दोन ओळींत. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. मग साधारण अडीचशे-तीनशे अंशांना लाकडातून वायू सुटायला लागतात. आपल्याला जी ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. त्यांना हवा आणि उष्णता पुरेशी मिळाली तर ते जळून जातात आणि मागे उरतो पातळ, निळसर, गोड वासाचा धूर. हवा कोंडली तर ते न जळताच पांढऱ्या धुरातून बाहेर पडतात आणि गार मांसावर डांबरासारखे बसतात. माझ्या कोंबडीवर बसलं होतं ते तेच.

लाकूड

जाळ एकसारखा राहतो की नाही, याचा निम्मा निकाल लाकूड फोडतानाच लागतो. आमच्या आकाराच्या स्मोकरला मनगटाएवढी जाड आणि एक वीत-दीड वीत लांब फाटी लागतात. एकेक अंदाजे चारशे-पाचशे ग्रॅमचं. सगळी सारख्या मापाची फोडा. जाड-बारीक मिसळलीत तर एक लाकूड घातल्यावर काटा दहा अंश चढेल, दुसऱ्याने चाळीस, आणि तुमचा अंदाज कधीच बसणार नाही. साल असलेला गोल ओंडका घालू नका. फोडलेल्या लाकडाच्या धारा लगेच पेट घेतात, गोल साल नुसती धुमसते.

दुसरी गोष्ट ओल. लाकडातला ओलावा 15 ते 20 टक्के हवा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. लाकूड मधोमध फोडून आतल्या बाजूला टोचा, बाहेरून नाही. यंत्र नसेल तर दोन फाटी एकमेकांवर आपटा. सुकं लाकूड खणखणतं, ओलं बद्द वाजतं. जळताना टोकाला पाण्याचे बुडबुडे येऊन फसफसलं तर ते अजून तयार नाही. आपल्या किनाऱ्यावर हवाच दमट, त्यामुळे घाटावर सहा महिन्यांत सुकणारं लाकूड इथे वर्ष घेतं. आम्ही दिवाळीनंतर फोडतो, जमिनीपासून वीतभर वर दगडांवर रचतो, उन्हाळाभर उघडं ठेवतो आणि मिरगाच्या आधी पडवीत घेतो. वापरायचं ते त्याच्या पुढच्या मोसमात.

कुठलं लाकूड, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. खरं तर तो ओलीच्या आणि मापाच्या नंतरचा आहे. तरी सांगते. ऐनाचे निखारे घट्ट आणि टिकाऊ, त्यामुळे खालच्या निखाऱ्यांच्या बैठकीला ऐन उत्तम. चिंचेची आच तिखट, जपून. पेरूच्या छाटणीच्या जाड फांद्या मिळाल्या तर सोडू नका, त्यांचा धूर कोंबडीला आणि माशाला फार छान लागतो. सुरूचं लाकूड जोरात जळतं, थोडं बारीक फोडा. आंबा सगळीकडे मिळतो आणि मी तोच जास्त वापरते, पण साल काढून आणि पुरता सुकवून. ज्यांना आंब्याच्या चिकाने अंगावर उठतं त्यांनी त्याला हातही लावू नये. काजूचं लाकूड मी स्मोकरमध्ये घालत नाही. काजूच्या बियांची टरफलं तर कुणीच घालू नयेत, त्यातलं तेल कातडी जाळतं, त्याचा धूर जेवणावर नको. बिबा आणि कण्हेर यांची काडीसुद्धा नको. समुद्राने वाहून आणलेलं लाकूड, जुन्या होडीच्या फळ्या, रंग दिलेल्या चौकटी यांत मीठ, रंग, तेल मुरलेलं असतं. ते बाजूलाच ठेवा.

स्मोकरसाठी झाड तोडायची गरज नाही. आंबा, फणस, चिंच, ऐन यांसारखी झाडं स्वतःच्या जागेतली असली तरी 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यामुळे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि तोडूही नयेत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. दोन्ही वेळा किनाऱ्यावरच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. त्या पडलेल्या आंब्यांची लाकडं आम्ही कितीतरी दिवस पुरवून वापरली. एरवी छाटणीचं लाकूड पुरतं.

जागा आणि वारा

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, त्यांचा खरा उपयोग मला स्मोकरपाशी कळला. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारा असतो. उन्हं वर आली की तो पडतो, थोडा वेळ सगळं थिजतं, आणि दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, तो चांगला जोराचा. फायरबॉक्सचं दार थेट खाऱ्या वाऱ्याच्या तोंडी आलं तर लोहाराच्या भात्यासारखं काम होतं, जाळ भडकतो आणि लाकूड दहा मिनिटांत संपतं. उलट धुराड्याच्या तोंडावर वारा आपटला तर धूर मागे फिरून फायरबॉक्समधून बाहेर येतो. म्हणून स्मोकर वाऱ्याला आडवा ठेवा आणि समुद्राच्या बाजूला दोन-अडीच हातांवर पत्र्याचा आडोसा उभा करा. चिकटून नको, हवा फिरायला हवी. लांबलचक काम असेल तर पहाटे पाचला पेटवा. मतलई वाऱ्यात जाळ आपोआप शहाण्यासारखा वागतो.

बंद पडवीत किंवा मांगरात पेटवू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. आणि फेब्रुवारीपासून पुढे सड्यावरचं (जांभ्या दगडाच्या माळावरचं) गवत वाळलेलं असतं. एका ठिणगीने वणवा लागून वर्षानुवर्षं जपलेल्या काजूच्या बागा जळाल्याचं दर उन्हाळ्यात ऐकतो. स्मोकरभोवती चार हात जमीन झाडून शिंपून घ्या, पाण्याची बादली आणि घमेलंभर रेती हाताशी ठेवा. मोठा वारा सुटला असेल त्या दिवशी बेत रद्द करा.

पेटवण

आधी कालची राख काढा. शेगडी आणि फायरबॉक्सचा तळ यांमध्ये तीन-चार बोटं मोकळी जागा हवी, हवा तिथूनच वर येते. धुराडं पूर्ण उघडा आणि दिवस संपेपर्यंत त्याला हात लावू नका. हवेचं दारही पूर्ण उघडं.

साधारण दीड किलो लाकडी कोळसा घ्या, त्यात चार-पाच नारळांच्या करवंट्या फोडून टाका. करवंटीची आच कडक आणि स्वच्छ असते. नारळाची सोडणं (वरच्या काथ्याची सालं) मात्र नकोत, ती नुसती धुमसतात. पेटवायला माडाच्या चुडताची (झावळीची) वाळलेली पात किंवा कागद. रॉकेल, डिझेल यांचा वास पत्र्याला लागतो तो चार दिवस जात नाही. कोळशावर राखाडी साय धरली की ते फायरबॉक्सच्या मागच्या अर्ध्या भागात, पोटाच्या बाजूला, पसरा. त्यावर दोन फाटी समांतर, त्यांच्यावर आडवी दोन, अशी चौकट रचा. मध्ये पोकळी राहिली पाहिजे. जाळ त्या पोकळीतून वर चढतो.

आता रिकामा स्मोकर पाऊण ते एक तास तापू द्या. या तासात धूर आधी पांढरा, मग करडा, मग दिसेनासा होत जातो. लोखंड एकदा तापलं की तेच आच धरून ठेवतं आणि पुढचे चढउतार सौम्य होतात. घाईने मांस आत टाकलंत तर सगळा पांढरा धूर त्यावर जातो.

काटा कुठला बघायचा, हेही इथेच ठरवा. झाकणावरचा गोल काटा वरची हवा सांगतो, मांस असतं खाली. जाळीच्या पातळीवर, मांसाशेजारी टोचणीचा थर्मामीटर ठेवा. तो खरा आहे का हे बघायला उकळत्या पाण्यात बुडवा. आपण समुद्रसपाटीला आहोत, त्यामुळे 100 अंशच दाखवला पाहिजे. फायरबॉक्सकडचं टोक धुराड्याकडच्या टोकापेक्षा वीस-तीस अंश जास्त गरम असणं साहजिक आहे. त्या गरम टोकाकडे मांसाची जाड बाजू करा.

लाकूड सारणं

आपल्याला हवे आहेत 110 ते 135 अंश सेल्सिअस. एकच आकडा धरून बसू नका. या पट्ट्यात काटा वरखाली होत राहणार, प्रत्येक लाकडाबरोबर थोडा चढणार, थोडा उतरणार. तो श्वासासारखा आहे.

पहिली चौकट जळून गेली की खाली दोन-तीन बोटं जाड निखाऱ्यांचा थर राहतो. हा थर म्हणजे तुमचं भांडवल. त्याचं काम पुढच्या लाकडाला एका मिनिटाच्या आत पेटवणं. थर पातळ झाला तर नवं लाकूड धुमसतं; फार जाड झाला तर नुसत्या निखाऱ्यांनीच काटा 140 वर जातो आणि लाकूड घालायला जागा उरत नाही. मग थोडे निखारे लोखंडी घमेल्यात काढून घ्या.

पुढची दोन-तीन फाटी नेहमी फायरबॉक्सच्या डोक्यावर ठेवा. तिथे ती हाताला चटका बसेल इतकी तापतात. गार लाकूड आत गेलं की आधी स्वतः तापायला आच खातं आणि तेवढा वेळ पांढरा धूर सोडतं. तापलेलं लाकूड लगेच धरतं. डोक्यावरच पेटेल इतका वेळ मात्र ठेवू नका. कडा तांबूस झाल्या की फिरवा.

आता एक लाकूड घालायचं कसं, ते सावकाश बघा. काटा 130 वर होता, तो उतरत 118 ला आलाय. ज्वाळा खाली बसल्यात, शेवटच्या फाट्याची तीन लाल खांडकी उरलीत. हीच वेळ. 105 पर्यंत थांबलात तर उशीर झाला. फायरबॉक्सचं दार पूर्ण उघडा. लोखंडी सळीने निखारे मागे, पोटाच्या बाजूला सारा, पण ढवळू नका, राख उडून मांसावर जाते. उरलेली खांडकी दोन बोटं अंतराने ठेवा आणि नवं फाटं त्यांच्यावर आडवं टाका, फोडलेली बाजू खाली. खालून हवा लागली पाहिजे, थेट निखाऱ्यांत पुरू नका. दहा-पंधरा सेकंदांत खालच्या धारेवर पिवळी जीभ दिसते. ती लाकडाच्या दोन्ही अंगांनी वर येते, मग मधोमध एकत्र होते. अजून दार लावू नका. लाकूड पूर्ण ज्वाळेत गेलं, कडांना काळे चौकोनी तडे दिसायला लागले, की दार ओढून घ्या, आणि तेही दोन बोटांची फट ठेवून. मिनिटभर कान द्या: चांगला जाळ हलका घरघरतो, चुलीच्या तोंडाशी येतो तसाच आवाज. नुसतं फुसफुसणं ऐकू आलं तर दार परत उघडा.

आमच्या स्मोकरला असं एक फाटं पंचवीस ते पस्तीस मिनिटं जातं. तुमचं वेगळं असेल. पहिल्या दोन वेळा वही ठेवा: किती वाजता घातलं, काटा कुठे होता, कुठवर चढला. तिसऱ्या वेळेपासून घड्याळाची गरज लागत नाही.

हवेचं दार बारीक फेरफारासाठी आहे. काटा दहा अंश जास्त असेल तर फट बोटभर कमी करा, पण ज्वाळा दिसत राहिली पाहिजे. त्याहून जास्त असेल तर काही करू नका. पुढचं लाकूड पाच मिनिटं उशिरा आणि थोडं बारीक घाला, एवढंच. पोटाचं झाकण दर वेळी उघडून बघायचा मोह होतो, पण प्रत्येक उघडण्याला दहा-पंधरा मिनिटांची आच जाते.

धुराड्याची भाषा

थर्मामीटरच्या आधी धुराडं बोलतं. त्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसते, किंवा निळसर धूसर रेघ दिसते: सगळं ठीक. लाकूड घातल्यावर मिनिटभर पांढरा धूर येणं चालतं. तीन-चार मिनिटं झाली तरी पांढराच, तर लाकूड पेटलेलं नाही; दार उघडा, लाकूड जरा उचला, खालून हवा जाऊ द्या. पिवळट, डोळे चुरचुरवणारा धूर म्हणजे हवा कोंडलीय. काळा धूर आला तर मांसाची चरबी जळतेय किंवा जाळ फार मोठा झालाय.

शंका असेल तर हाताची ओंजळ क्षणभर धुरात धरा आणि वास घ्या. गोड, भाजलेल्या सुपारीसारखा वास आला तर तोच मांसाला लागणार आहे. कडवट, काजळीचा आला तर तोही.

धूर फायरबॉक्सच्या फटींतून बाहेर यायला लागला, तर शेगडीखाली राख साठलीय. ती ओढून काढा, दर दोन-तीन तासांनी हे लागतंच.

एका सकाळचा हिशेब

मटणाचा साधारण दोन किलोचा फरा एकच्या जेवणाला हवा असेल तर आमच्याकडे असं चालतं. पाचला पेटवण, सहाला स्मोकर तयार. फऱ्याला मीठ, आलं-लसूण, मिरपूड, थोडं कोकमाचं आगळ रात्रीच चोळून ठेवलेलं असतं. सव्वासहाला आत. जाळीवर फायरबॉक्सच्या बाजूला एक पसरट पाण्याचं भांडं. ते चढउतार मऊ करतं. बोकडाच्या मटणाला चरबी कमी, म्हणून साडेनऊच्या सुमारास रंग तपकिरी झाला की फरा केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळायचा.

साधारण याच वेळी मांसाचं आतलं तापमान 65-70 अंशांच्या आसपास अडून बसतं. तासभर हलत नाही. मांसातून सुटणारं पाणी घामासारखं वाळतं आणि त्याला गार ठेवतं, दुसरं काही नाही. नवखा माणूस इथे घाबरून दोन लाकडं जास्त घालतो आणि सकाळभर सांभाळलेला जाळ बिघडवतो. आच आहे तशीच ठेवा. साडेअकराच्या आसपास आतलं तापमान 90 च्या पुढे जातं आणि हाडाजवळ सळी लोण्यात शिरावी तशी शिरते. तो काढा, गुंडाळलेलाच तासभर टोपलीत राहू द्या. कोंबडीला इतकं लागत नाही. मांडीच्या जाड भागात 74 अंश झाले की झालं.

एवढ्या सकाळीला आमची अठरा ते वीस फाटी लागतात. पंचवीस काढून ठेवा. ऐन वेळी पडवीतून गार लाकूड आणायची पाळी येऊ नये.

आवरताना

शेवटचं मांस काढल्यावर पाणी ओतून जाळ विझवू नका, तापलेला पत्रा वाकतो. आता मात्र हवेचं दार आणि धुराडं दोन्ही घट्ट लावा, जाळ आपोआप मरतो. स्मोकर कोमट असतानाच जाळ्या खरवडा आणि फडक्यावर खोबरेल घेऊन बाहेरून पातळ हात फिरवा. खारी हवा उघड्या लोखंडाला एका रात्रीत तांबूस करते. राख आत सोडू नका. ओल धरली की ती तळ खाते. दुसऱ्या दिवशी सकाळी हात फिरवून बघा, कारण राखेखालचा निखारा चोवीस तासांनीही जिवंत असू शकतो. पूर्ण थंड झालेली राख लोखंडी बादलीत भरा आणि माडाच्या आळ्यात पसरा.